कॉलेजला टाळं लागलं, हप्ता मात्र चालू

प्रश्न : मुलीने बारावीनंतर अंधेरीच्या एका प्रायव्हेट कॉलेजात एअर होस्टेसचा वर्षभराचा डिप्लोमा घेतला. फी 1 लाख 40 हजार, त्यातल्या 90 हजारांचं लोन त्यांनीच तिथल्या तिथे करून दिलं. सात महिने झाले आणि एक दिवस दाराला टाळं, सरांचा फोन बंद. हप्ता दर 5 तारखेला कापला जातोय. पोरगी अजून तो निळा स्कार्फ इस्त्री करून ठेवते. तिचं वर्ष फुकट गेलं का?
– एक आई, लालबाग

उत्तर : ताई, स्कार्फचं वाचून पोटात तुटलं, कारण 2006 ते 2009 मी अशाच एका संस्थेत इंग्रजी शिकवायचे. 2003 ते 2006 मध्ये एअर डेक्कन, किंगफिशर, स्पाइसजेट, इंडिगो एकामागून एक आल्या आणि आमच्याकडे अ‍ॅडमिशनला रांगा, विमानाच्या चार जुन्या सीटा हॉलमध्ये मांडलेल्या, पोरी ट्रे घेऊन त्यांच्यामधून चालायच्या. पण नव्या बॅचच्या फीतून जुन्या बॅचचं भाडं आणि आमचे पगार निघायचे, त्यामुळे एक बॅच भरली नाही की सगळंच डुगडुगायचं. 2012 ला किंगफिशर बंद पडली, एप्रिल 2019 मध्ये जेट, मग लॉकडाऊन. मार्च 2020 च्या अखेरपासून विमानंच दोन महिने जमिनीवर होती, तेव्हा फी भरायला येणार कोण?

आणि जे तेव्हाच पालकांना सांगायला हवं होतं ते आता सांगते, केबिन क्रूसाठी हा डिप्लोमा लागतच नाही. बारावी पास, वय, उंची आणि इंटरव्ह्यू, बाकी सेफ्टीचं ट्रेनिंग कंपनी निवड झाल्यावर स्वतःच देते. म्हणून तिचं सर्टिफिकेट अडकलं तरी दार बंद झालेलं नाही, कंपन्यांच्या वेबसाइटवर वॉक-इन इंटरव्ह्यूच्या तारखा येतात तिथे तिला पाठवा, सात महिन्यांत बोलायचा धीर आला असेल तो तिथे कामी येईल. भिंतीवर आयएसओचं सर्टिफिकेट लावलेलं होतं ना? ते ऑफिसच्या कारभाराचं असतं, कोर्सच्या मान्यतेचं नाही.

आता लोन. करार तुमचा आणि फायनान्स कंपनीचा, त्यामुळे कॉलेज बंद झालं म्हणून हप्ता आपोआप थांबत नाही, आणि तुम्ही मध्येच थांबवलात तर लोन ज्यांच्या नावावर आहे त्यांचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब होईल. कॉलेज बंद झाल्याचं त्यांना लेखी कळवा, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, पैसे लागत नाहीत. ग्राहक आयोगात जायच्या आधी मात्र वकिलाला विचारा, कारण राष्ट्रीय आयोगाने 2020 मध्ये शिक्षण संस्थांना, व्यवसाय शिक्षणवाल्यांनासुद्धा, ग्राहक कायद्याच्या बाहेर धरलंय. त्यापेक्षा बॅचचे सगळे पालक मिळून जवळच्या पोलीस स्टेशनला फसवणुकीची तक्रार द्या, एकट्या जाऊ नका. पावत्या, लोनचे कागद, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, सगळ्यांच्या झेरॉक्स आजच काढा.