आजोळाहून परत, झोप मात्र तिथेच

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची. दिवाळीत पंधरा दिवस नागपूरला आजोळी होती. तिथे सगळी भावंडं रात्री साडेअकराला झोपायची नि नऊला उठायची. आता बालवाडीसाठी सातला उठवतो. दुपारी ती एकला झोपते ती चारपर्यंत. रात्री साडेआठला अंथरुणावर घालतो, तर अकरापर्यंत पाणी हवं, शू आली, गोष्ट सांग, शेवटी रडारड. काय चुकतंय? (दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : दोन गोष्टी. साडेआठची घाई आणि दुपारचे तीन तास.

तिच्या शरीरातलं घड्याळ अजून साडेअकराला लागलेलं आहे. तीन तास आधी अंथरुणावर घातलं तर झोप येणार नाहीच, वर अंथरूण म्हणजे रडायची जागा हे डोक्यात पक्कं बसेल. (नागपूरच्या सूर्याला दोष देऊ नका. तो आपल्यापेक्षा जेमतेम पंचवीस मिनिटं आधी मावळतो. हा सगळा भावंडांच्या दंग्याचा प्रताप, आणि तो दंगा हवाच.)

मुलाला उठवणं आपल्या हातात असतं, झोप आणणं नसतं. म्हणून सकाळचे सात घट्ट धरा, रविवारीसुद्धा. उठल्यावर वीस-तीस मिनिटं गॅलरीत किंवा ओट्यावर उजेडात बसवा, दूध तिथेच द्या. सकाळचा उजेड शरीरातलं घड्याळ अलीकडे ओढतो, म्हणजे रात्री झोप लवकर येते. पडदे ओढून खोलीत दूध पाजलं तर हा फायदा मिळत नाही.

दुपारची झोप एक तास. दोनला उठवा, चिडली तरी. चारपर्यंत झोपलेल्या मुलाला रात्री झोपेची भूक उरत नाही. आणखी एक चोरवाट असते: संध्याकाळी सहाला स्कूटरवर पुढे उभी राहून दहा मिनिटं लागलेली डुलकी. ती डुलकी रात्रीचा तासभर खाते. बाजारहाट पाचच्या आत आटपा.

रात्री पहिल्या दिवशी साडेदहाला झोपवा. हो, साडेदहालाच. वीस मिनिटांच्या आत झोपली की दुसऱ्या दिवशी पाव तास अलीकडे. नाही झोपली तर त्याच वेळेवर आणखी एक दिवस थांबा. आठ-दहा दिवसांत नऊवर याल. साडेआठचा हट्ट सोडा: नऊ ते सात म्हणजे दहा तास, दुपारचा एक, झाले अकरा. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपार धरून 10 ते 13 तास लागतात.

झोपेआधीचा अर्धा तास रोज एकाच क्रमाने जाऊ द्या. हातपाय धुणं, दात घासणं, शू, कपडे बदलणं, दोन गोष्टी, दिवा बंद. पाणी आणि शू क्रमातच उरकली की त्या सबबी उरत नाहीत. टीव्ही, मोबाइल तासभर आधी बंद, खोलीतली ट्यूबलाइटही. मंद पिवळा दिवा पुरे. उठून बाहेर आली तर हात धरून परत न्या आणि दर वेळी एकच वाक्य: "झोपायची वेळ झाली." चर्चा नको, रागावणंही नको. तिसऱ्या रात्री आजोबांनी "राहू दे बिचारीला" म्हणून टीव्हीसमोर बसवलं, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : बाळ नऊ महिन्यांचं. आजीकडे महिनाभर घोडियुंमध्ये (दोरीने झुलवायच्या झोळीच्या पाळण्यात) झोपलं. आता घरी गादीवर दर तासाला उठतं. (रावपुरा, बडोदे)

उत्तर : या वयात झोपेचं एक आवर्तन साधारण तासाभराचं असतं. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी बाळ अर्धवट जागं होतं आणि झोप लागताना जे होतं तेच शोधतं. तुमच्या बाळाला हवा असतो दोरीचा झोका. म्हणून रात्री उठल्यावर काय करायचं यापेक्षा, पहिली झोप कशी लागते ते बदला. पहिल्या तीन रात्री मांडीवर झुलवा, पण डोळे जड झाले की थांबा आणि जागं असतानाच गादीवर ठेवा. पुढच्या तीन रात्री झुलवणं निम्मं. मग फक्त छातीवर हात आणि अंगाईची एकच ओळ. हात हळूहळू काढा, झटक्यात नको.

गादी सपाट, कडक, बाळ पाठीवर, उशी, जाड गोधडी नको. रात्रभर घोडियुंमध्येच ठेवायचा मोह टाळा, कारण झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. आईपासून दूर होण्याची भीतीही याच सुमाराला वाढते, त्यामुळे थोडं रडणं त्याचंही असेल.

प्रश्न : न्यू जर्सीहून परतलो. पाच वर्षांचा मुलगा रात्री दोनला उठून खेळतो. (अलकापुरी, बडोदे)

उत्तर : हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक पडतो. दर तासाला साधारण एक दिवस धरा. सकाळच्या उजेडाचा नियम इथे पहिले तीन-चार दिवस उलटतो: तिथली पहाट म्हणजे आपली दुपार, म्हणून त्याला तीन ते सहा उन्हात खेळवा आणि सकाळचं ऊन टाळा. मग ही वेळ रोज थोडी अलीकडे आणा. दिवसा दोन तासांपेक्षा जास्त झोपू देऊ नका. रात्री दोनला भूक खरी असते. केळं, थोडं दूध, मंद दिवा, स्क्रीन नाही. झोपेच्या गोळ्या-गमी किंवा गुंगीसाठी खोकल्याचं औषध डॉक्टरांना न विचारता देऊ नका.

तिन्ही घरांसाठी एक: प्रवासात सर्दी झालेलं मूल आडवं केलं की रडतं आणि उचललं की गप्प होतं, असं दिसलं तर वेळापत्रक बाजूला ठेवून आधी कान तपासून घ्या.