सुरक्षा रक्षकाला स्वतःचा परवाना लागतो का?

प्रश्न : माझा मुलगा बारावी झाला असून त्याला सुरक्षा क्षेत्रात नोकरी करायची आहे. एक प्रशिक्षण संस्था ‘सरकारी परवाना मिळवून देतो’ म्हणून मोठी रक्कम मागते आहे. ती भरावी का?
– एक वाचक, हडपसर, पुणे

उत्तर : त्या आश्वासनावर विसंबून पैसे मुळीच भरू नका. खाजगी सुरक्षा संस्था (विनियमन) अधिनियम, 2005 नुसार परवाना घ्यावा लागतो तो रक्षक पुरवणाऱ्या संस्थेला, रक्षकाला नव्हे. रक्षक भारतीय नागरिक आणि 18 ते 65 वयोगटातील असावा, त्याच्या चारित्र्याची पडताळणी झालेली असावी, तो शारीरिकदृष्ट्या पात्र असावा आणि त्याने विहित प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे, एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. केंद्राच्या आदर्श नियमांत हे प्रशिक्षण किमान 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष कामाचे सांगितले असून, त्यात आगीपासून बचाव, प्रथमोपचार, गर्दीचे नियंत्रण, ओळखपत्रांची तपासणी असे विषय येतात. माजी सैनिक व पोलिसांसाठी ते बरेच कमी आहे. छायाचित्रासह ओळखपत्र नेमणूक करणारी संस्थाच देते. म्हणून आधी त्या संस्थेचा परवाना पाहा, आणि पुण्याच्या सुरक्षा रक्षक मंडळातील नोंदणीचीही चौकशी करा, कारण वेतन, भविष्य निर्वाह निधी व रजा यांबाबत रक्षकाची फार परवड होते आणि 1981 च्या राज्य कायद्याने ही मंडळे त्यासाठीच उभी केली आहेत.