सेन्सर नवा, तरी दिवा पुन्हा हजर

प्रश्न : ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागायचा म्हणून गॅरेजमध्ये स्टीअरिंग अँगल सेन्सर बदलून घेतला. दोन दिवसांत दिवा परत लागला. आता गाडी सरळ धावताना स्टीअरिंगही जरा डावीकडे कललेलं दिसतं. नवा सेन्सर खराब निघाला का? पुन्हा बदलू का?

उत्तर : नका बदलू. तुम्ही सहज लिहिलेलं ते कललेलं स्टीअरिंगच मला खटकतंय. ते सेन्सर बदलण्याआधी सरळ होतं का, हे आठवून बघा.

आधी सरळ असेल, तर स्टीअरिंग काढून परत बसवताना दांड्यावरचा एखादा दाता चुकला असणार. ते काढून नीट बसवायला सांगा. काही जण हा कल टाय रॉड (चाकं वळवणारे दांडे) फिरवून ‘काढून’ देतात. तसं करू देऊ नका. आधीपासूनच कललेलं असेल, तर मात्र पहिलं काम व्हील अलाइनमेंटचं.

त्यानंतर सेन्सरचं शून्य ठरवायचं, म्हणजे कॅलिब्रेशन. बहुतेक वेळा राहतं ते हेच. गाडी सरळ चाललीय हे ईएसपीला चाकांच्या वेगावरून आणि गाडी किती वळतेय ते मोजणाऱ्या यॉ सेन्सरवरून कळतं. त्याच वेळी स्टीअरिंगचा सेन्सर ‘वळतोय’ म्हणाला, की दिवा लागतो. काही गाड्यांत स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवलं की शून्य ठरतं, बऱ्याच गाड्यांना स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागतो. काम झाल्यावर सरळ चालवताना स्कॅनरवरचा आकडा ० अंशाच्या आसपास दिसला पाहिजे.

स्कॅनरवर बिघाडाचा कोडही वाचून घ्या. यू०१२६ असेल तर सेन्सरशी संपर्कच तुटलाय : फ्यूज, कनेक्टर, वायर बघा. यू०४२८ असेल तर संपर्क आहे, पण त्याचं म्हणणं पटत नाही. तुमच्याकडे हाच निघेल, असा माझा अंदाज.

घरी खोलायचा मोह होत असेल तर आवरा. वर एअरबॅग असते. बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय आम्हीही हात लावत नाही. खाली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे हॉर्न आणि एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पातळ पट्टी. नवशिका असताना मी ती मध्यावर न आणताच स्टीअरिंग चढवलं होतं. पहिल्याच पूर्ण वळणाला पट्टी तुटली, हॉर्न गेला आणि एअरबॅगचाही दिवा लागला. उस्तादांनी संध्याकाळपर्यंत मला फक्त चाकांत हवा भरायला लावलं.