वाचकांचे प्रश्न : पांढऱ्या थराच्या रानात जिप्सम टाकावं का?

प्रश्न : वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी दोन एकर काळं रान आहे, त्यात ऊस आहे. उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो, उगवण विरळ होते. जिप्सम किती टाकू?

उत्तर : आधी माती तपासा, मगच जिप्सम (कॅल्शियम सल्फेट हे जमीन सुधारणारं खनिज) आणा. पांढरा थर दिसतो ती जमीन बहुधा खारवट, म्हणजे विरघळणारे क्षार साचलेली असते, आणि नुसत्या खारवट जमिनीला जिप्समचा उपयोग नाही. जिप्सम लागतं चोपण जमिनीला. तिचा सामू (पीएच) साडेआठच्या वर आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम, १५ टक्क्यांहून जास्त असतं. ती ओली असता चिकट, वाळली की दगडासारखी, पाणी वरच साचून राहतं.

नमुना घेताना वरचा पांढरा थर खरवडून टाकू नका, क्षार त्यातच असतात. एकाच जागी ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटर असे वेगळे नमुने घ्या. असे पाच-सहा खड्डे घेऊन त्या-त्या थराची माती एकत्र करा, अर्धा किलो पाठवा. बांधाजवळची, उकिरड्याची माती नको. सामू, क्षारता आणि सोडियम तिन्ही मागा. चोपण निघाली तर जिप्समची गरजही काढून घ्या.

खरा दोष जादा पाटपाण्याचा. त्यानं जमिनीखालची पाणीपातळी वर आली की क्षार केशाकर्षणाने, म्हणजे मातीतल्या बारीक पोकळ्यांतून पाण्याबरोबर, वर चढतात. म्हणून आधी निचऱ्याचा चर काढा, मग चांगल्या पाण्याने वाफे भरून क्षार खाली धुवा. निचरा नसताना धुतलंत तर तेच क्षार पुन्हा वर येतील. त्यानंतर एकरी २० किलो धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून फुलोऱ्यात गाडा. उसाचं पाचट (वाळलेला पाला) मात्र अजिबात जाळू नका, झाकलेल्या रानातून बाष्पीभवन कमी होतं.