गेटचा अभ्यास: तास मोजा, दिवस नव्हे

सीमाभागातून आलेल्या पत्रांत या वेळी गेटच्या, म्हणजे अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या, सिव्हिल पेपरबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त होते. त्यांतले चार निवडले आहेत.

प्रश्न: मी खानापूरहून रोज बसने बेळगावला कॉलेजला येते. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) सातव्या सेमिस्टरला आहे. फेब्रुवारीत गेट द्यायची आहे, पण त्याच्या अगदी आधी, डिसेंबर-जानेवारीत, सेमची परीक्षा येते. जुलैपासून अभ्यासाची आखणी कशी करू? (एक विद्यार्थिनी, खानापूर)

उत्तर: जुलै ते जानेवारी म्हणजे साधारण ३० आठवडे. सेमच्या परीक्षेचे ३, इंटर्नलचे (कॉलेजच्या अंतर्गत चाचण्यांचे) २ आणि गणपती-दिवाळीचा १, असे ६ आठवडे पहिल्याच दिवशी वजा करून टाका. बहुतेक जण हे करत नाहीत. मग पहिल्या इंटर्नललाच वेळापत्रक मोडतं आणि मागे पडलेले विषय पुढे ढकलता ढकलता एन्व्हायर्नमेंट आणि ट्रान्सपोर्टेशन दोन्ही जानेवारीत येऊन आदळतात.

उरले २४ आठवडे. कॉलेजच्या सहा दिवशी अडीच तास आणि रविवारी सहा, म्हणजे आठवड्याचे २१. एकूण ५०४ होतात, ५०० धरा. बसमधला वेळ यात मोजायचा नाही. बसमध्ये सूत्रांच्या चिठ्ठ्या वाचून होतात, गणित सुटत नाही.

या ५०० तासांतले ३२० विषय पहिल्यांदा करण्यासाठी, १०० उजळणी आणि जुन्या प्रश्नपत्रिकांसाठी, ८० पूर्ण सराव परीक्षांसाठी. पेपर तीन तासांचा, ६५ प्रश्नांचा, १०० गुणांचा. त्यात १५ गुण जनरल ॲप्टिट्यूडचे (भाषा आणि तर्काच्या सामान्य प्रश्नांचे) आणि साधारण १३ गणिताचे, म्हणजे चौथ्या भागाहून जास्त गुण सिव्हिलच्या बाहेरचे आहेत. म्हणून ३२० पैकी गणिताला ४० आणि ॲप्टिट्यूडला १५ तास द्याच. मेकॅनिक्स आणि स्ट्रक्चरल ॲनालिसिसला ५५, सॉइल आणि फाउंडेशनला ५०, फ्लुइडपासून इरिगेशनपर्यंतच्या पाण्याच्या विषयांना मिळून ५०. काँक्रीट, स्टील आणि बांधकाम व्यवस्थापनाला ३५, एन्व्हायर्नमेंटला ३५, ट्रान्सपोर्टेशनला २५, सर्वेला १५. ज्या विषयाचा सेमला पेपर आहे तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात ठेवला की एकाच वाचनात दोन्ही कामं होतात. फक्त सेमला लांबलचक डिझाइन लिहावं लागतं, गेटला त्यातली एखादीच पायरी विचारतात, तेव्हा प्रश्न दोन्हीकडचे सोडवा.

आकडेमोड सकाळी दीड तास, वाचन रात्री एक तास. खानापूरच्या पावसात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. जुन्या प्रश्नपत्रिका जूनमध्येच कागदावर काढून ठेवा.

सराव परीक्षा १६ पुरतात. प्रत्येकीला तीन तास पेपरचे आणि दोन तास चुका तपासण्याचे. सहा परीक्षा सेमच्या आधी, दहा नंतर. चुका तपासण्याचे हे दोन तास आम्हाला सर्वांत मोलाचे वाटतात आणि नेमके तेच वगळले जातात. एक उदाहरण घ्या. ४ मीटर जाडीचा चिकणमातीचा थर आहे, वर-खाली वाळू आहे, कन्सॉलिडेशनचा, म्हणजे दाबाखाली मातीतलं पाणी निघून थर दबण्याचा, गुणांक वर्षाला १ चौरस मीटर आहे. ५० टक्के कन्सॉलिडेशनला किती काळ? टाइम फॅक्टर ०.१९७. पाणी दोन्हीकडून निघतं, म्हणून ड्रेनेज पाथ, म्हणजे पाण्याला कापावं लागणारं सर्वांत लांब अंतर, २ मीटर. ०.१९७ गुणिले २ चा वर्ग (४), भागिले गुणांक १, म्हणजे सुमारे ०.७९ वर्ष. ज्यानं पूर्ण ४ मीटर धरले त्याचं उत्तर ३.१५ येतं, बरोबर चौपट. आता चुकांच्या वहीत ‘कन्सॉलिडेशन कच्चं’ असं लिहिलंत तर तुम्ही अख्खा धडा पुन्हा वाचाल आणि चार तास जातील. ‘खालचा थर पाणी सोडतो का, हे आधी पाहायचं’ एवढं लिहिलंत तर काम दहा मिनिटांत होतं. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: संकल्पना चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, एककं चुकली की आकडेमोड. पुढच्या आठवड्याचे तास कुठे घालायचे, हे त्या कारणांवरून ठरवा.

सेमची परीक्षा चालू असताना रोज अर्धा तास ॲप्टिट्यूड, बाकी काही नाही.

प्रश्न: निपाणीजवळ रस्त्याच्या कामावर साइट इंजिनिअर आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी सात ड्युटी. अभ्यास जमेल का?

उत्तर: जमेल. तुम्हाला सेम नाही, इंटर्नल नाहीत. पहाटे पावणेपाच ते पावणेसात असे रोज दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी पाच धरले तर आठवड्याचे १७ होतात, म्हणजे ३० आठवड्यांत ५१०. पूर्णवेळ विद्यार्थ्यापेक्षा कमी नाहीत. रात्रीवर मात्र अवलंबून राहू नका. दिवसभर उन्हात उभं राहिल्यावर आकडेमोड हमखास चुकते.

साइटच्या सवयींपासून एका बाबतीत सावध राहा. साइटवर तक्ते तयार असतात, त्यामुळे त्यामागचं सूत्र हातातून सुटतं. ओली घनता २.१, ओलावा १२ टक्के, तर कोरडी घनता किती? २.१ ला १.१२ ने भागायचं, उत्तर १.८७५. बरेच जण २.१ मधून १२ टक्के कापतात आणि १.८४८ लिहितात. ओलाव्याची टक्केवारी कोरड्या मातीच्या वजनावर असते, ओल्या मातीच्या नव्हे.

निकालानंतर स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे एम.टेक.चा निर्णय घाईनं घ्यायची गरज नाही.

प्रश्न: मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. क्लाससाठी पुण्याला पाठवावं का? (एक पालक, शहापूर, बेळगाव)

उत्तर: केवळ गेटसाठी घर सोडण्याची गरज आम्हाला वाटत नाही. प्रवासात आणि व्याख्यानांत गेलेले तास स्वतः सोडवण्याच्या वेळेतूनच जातात. माध्यमाचीही काळजी नको. सिव्हिलच्या संज्ञा ती तीन वर्षं इंग्रजीतच वापरते आहे. ॲप्टिट्यूडमधल्या इंग्रजीसाठी रोज एक उतारा पुरे. तिसऱ्या वर्षाला असतानाही गेट देता येते, तेव्हा तिला एकदा बसू द्या. केंद्रावरचे तीन तास कसे असतात हे आधी कळलेलं चांगलं.

प्रश्न: वहीत बरोबर येणारी गणितं गेल्या वेळी परीक्षेत चुकली. कुठे बिघडलं असेल? (चिकोडी)

उत्तर: पहिला संशय कॅल्क्युलेटरवर. आपापला कॅल्क्युलेटर नेता येत नाही, पडद्यावरचा माऊसनं चालवावा लागतो. कीबोर्ड बंद असतो. कॉलेजमध्ये समीकरण भरून थेट उत्तर काढायची सवय असते, तशी सोय इथे नाही. डिग्री-रेडियनचं बटण न पाहता घेतलेला साइन पूर्ण उत्तर बिघडवतो. आजपासून प्रत्येक गणित त्याच कॅल्क्युलेटरवर करा.

दुसरा संशय अंदाजावर. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नात चूक झाली तर त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. चारही पर्यायांवर डोळे मिटून मारलेल्या अंदाजातून सरासरी शून्यच मिळतं, एक पर्याय खात्रीनं बाद करता आला तरच फायदा. अनेक पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना आणि आकडा भरायच्या प्रश्नांना गुण कापत नाहीत, म्हणून ते कोरे सोडू नका. मात्र अनेक पर्यायांच्या प्रश्नात अर्धवट बरोबर उत्तराला काहीच मिळत नाही. आकडा भरताना किती दशांश मागितले आहेत ते वाचा, मधल्या पायऱ्यांत चार दशांश ठेवा आणि फक्त शेवटी मागितलेल्या दशांशांपर्यंत राउंड करा.