आयुष्याचा अर्थ कशात शोधावा: राजकारण, काम, मुलं की अध्यात्म?

चारही वाटा धरून पाहिल्या, तरी आतली पोकळी जात नाही, आता नेमकं काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, वाट बदलण्याआधी एक आठवडा नोंद ठेवा. चार रकाने आखा आणि त्यांत फक्त स्वतः केलेली कृती लिहा, तीही कोणासाठी केली यासकट. वाचलेलं, पाहिलेलं, वाद घातलेलं मोजायचं नाही.

राजकारणाचा रकाना बहुतेकांचा रिकामा निघतो. संताप खरा असतो, पण बातम्या चाळून काहीच हलत नाही, म्हणून थकवा तेवढा उरतो. एकच स्थानिक प्रश्न घ्या: पाणी, शाळा, बस, काहीही. निर्णय कोणाच्या हातात आहे, त्यांची बैठक कधी असते, हे शोधा आणि त्यावर आधीपासून झटणाऱ्या गटात सामील व्हा. नवा गट काढायला जाल तर तो उभा करण्यातच दम संपेल. आठवड्याला दोन तास पुरेत. बातम्या दिवसातून एकदा, अर्धा तास.

कामात सगळ्यात जास्त वाव आहे, तोही नोकरी न सोडता. एमी रेझनेस्की आणि जेन डटन या कामाच्या जागी माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २००१ साली मांडलं की लोक आपलं काम तीन प्रकारे घडवतात: कामांची यादी बदलून, कोणाशी संबंध येतो ते बदलून आणि कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलून. त्यांच्या उदाहरणांतले रुग्णालयातले काही सफाई कर्मचारी रुग्णांची विचारपूस हा आपल्या कामाचाच भाग मानत. तुमच्या प्रत्येक कामापुढे ते शेवटी कोणाच्या उपयोगी पडतं ते लिहा. ज्याच्यापुढे नाव सुचतं, त्याला आठवड्यातला एखादा तास वाढवून द्या. शक्य असेल तर त्या माणसाला प्रत्यक्ष भेटा. एवढ्यानेही बराच फरक पडतो. धोका मात्र ओळखून ठेवा. प्राणिसंग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांवरच्या २००९ सालच्या अभ्यासात दिसलं की कामाला जीवनध्येय मानणारे पगार आणि स्वतःचा वेळ सोडायला जास्त तयार होतात. पिळवणूक तिथूनच सुरू होते. कामाचे तास आधी ठरवा.

मुलांवर अर्थाचं ओझं टाकू नका. त्यांचे गुण ही आपली गुणपत्रिका झाली की दोघांचाही श्वास कोंडतो. रोज वीस मिनिटं फोन बाजूला ठेवून मूल म्हणेल तो खेळ खेळा, सूचना न देता. बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट सांगत की आईने बाळाच्या गरजांना दिलेला आधार हळूहळू कमी व्हायला हवा, त्यातूनच मूल निराशा पचवायला शिकतं.

अध्यात्मात एकच साधना, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटं, किमान आठ आठवडे. दर महिन्याला पद्धत बदलली तर काहीच मुरत नाही. मन आधीच खचलेलं असेल तर लांबलचक मौन शिबिरं टाळा, काहींची अस्वस्थता त्यात वाढते. पैसे मागणारा आणि घरच्यांपासून तोडणारा गुरू दिसला की तिथून निघा.

आणि ही पोकळी दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज टिकली, झोप-भूक बिघडली, कशातच रस उरला नाही किंवा जगू नये असं वाटू लागलं, तर रकाने राहू द्या आणि आधी डॉक्टरांकडे जा. जगू नये असं वाटत असेल तर दोन आठवडे थांबूही नका, त्याच दिवशी जा.