वाचकांचे प्रश्न : मॉडेल इंजिनाला १८८० चं रूप

प्रश्न : माझ्याकडे एचओ मापाचं, १६.५ मिमी रुळांवर चालणारं छोटं ०-६-० (फक्त सहा चालक चाकांचं) टँक इंजिन, म्हणजे पाण्याच्या टाक्या अंगावरच असलेलं इंजिन, आहे. चालतं छान, पण दिसतं अगदी विसाव्या शतकातलं. त्याला गायकवाडी रेल्वेच्या डभोई-मियागाम मार्गावरच्या, साधारण १८८० च्या इंजिनाचं रूप द्यायचं आहे. धुराडं उंच केलं आणि डोम (बॉयलरवरचा घुमट) पितळी केला तर भागेल का?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नाही भागणार. अडचण सजावटीची नाही, मापाची आहे. डभोईची लाइन अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिमी. एचओच्या १:८७ प्रमाणात ती जेमतेम ८.८ मिमी भरते, आणि तुमचे रूळ जवळजवळ दुप्पट रुंद. त्यामुळे आहे त्याच बॉडीवर कितीही कारागिरी केली तरी इंजिन नॅरोगेजचं वाटणार नाही. बॉडी १:४८ मध्ये नवी बांधा. या प्रमाणात ७६२ मिमीचे १५.९ मिमी होतात, १६.५ शी असलेला फरक डोळ्याला कळत नाही. चाकंही आपोआप जमतात : १३ मिमीचं चाक १:४८ मध्ये ६२ सेंटिमीटरचं, म्हणजे दोन फुटी होतं. थोडक्यात, चासी आणि मोटार ठेवायची, वरचं सगळं उतरवायचं.

काम सुरू करण्याआधी पुठ्ठ्याचा ३५ मिमी उंचीचा माणूस कापून टेबलावर उभा करा. कॅबचं छत, पायरी, दांडा, सगळं त्याच्याशी ताडून बघायचं. एचओच्या कॅबमध्ये तो मावतच नाही. नवं छत फूटप्लेटपासून (चालक उभा राहतो त्या पत्र्यापासून) ४० मिमीच्या आसपास येतं.

या लाइनचा इतिहास इथे उपयोगी पडतो. १८६२ मध्ये, खंडेराव महाराजांच्या काळात, या रुळांवर गाडी बैल ओढत होते. १८६३ मध्ये ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिनं आणून पाहिली, पण यार्डाला १३ पौंडांचे रूळ फार हलके पडले आणि पुन्हा बैल जुंपले. १८७३ मध्ये ३० पौंडी रूळ घातले, नियमित इंजिनं १८८० पासून. ३० पौंड म्हणजे मीटरला १५ किलोसुद्धा नाही. अशा रुळांवर जाड बॉयलरचं इंजिन शोभत नाही. बॉयलर बारीक ठेवा, १८ ते २० मिमी.

बॉयलरसाठी घरातल्या वायरिंगची २० मिमीची पीव्हीसी पाइप चालते. ती स्टायरीनच्या (मॉडेलसाठीच्या प्लॅस्टिकच्या) सिमेंटने चिकटत नाही, तिथे अरल्डाइटच लागतं, आणि चिकटवण्याआधी पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरबडीत करावा लागतो. पाइपचा तळ कापून मोटारीसाठी खाच ठेवा. बाकी पत्रे ०.५ मिमी स्टायरीनचे, फूटप्लेट १ मिमीची.

खरी मेख कॅबमध्ये आहे. त्या काळच्या छोट्या इंजिनांना बंद कॅब क्वचितच असायची : पुढे दोन गोल काचांचा पत्रा, बारीक खांब आणि वर उन्हापुरतं छत. एचओ इंजिनांची मोटार नेमकी मागे असते, म्हणजे कॅब मोकळी केली की ती उघडी पडते. उपाय म्हणजे चासी उलटी फिरवायची. मोटार बॉयलरखाली येते. साध्या डीसी रुळांवर इंजिनाची धावण्याची दिशा त्याने बदलत नाही, कारण चासीबरोबर तिचं रुळांशी असलेलं जोडणंही फिरतं. म्हणून मोटारीच्या तारांना हात लावू नका. सिलिंडर चासीला जोडलेले असतील तर तेही दुसऱ्या टोकाला न्यावे लागतात. हे जमण्यासारखं नसेल तर कॅबमध्ये कोळशाचा ढीग रचून मोटार झाका. थोडी लबाडीच, पण चालते.

गोल काचांची भोकं ड्रिलने पाडू नका, स्टायरीन वितळून कडा उठतात. ऑफिसातला कागद छिद्र करणारा पंच साधारण ६ मिमीचं स्वच्छ भोक पाडतो. खऱ्या इंजिनात ते एक फुटाच्या आसपासचं झालं, म्हणजे नेमकं हवं तेवढं.

धुराड्याला ६ मिमीची पितळी नळी, बॉयलरच्या माथ्यावर १९-२० मिमी. वरच्या कडेला १ मिमी तांब्याच्या तारेचं कडं डाग देऊन बसवा. बहुतेकांचं धुराडं बुडाशी चुकतं : सपाट कापलेली नळी गोल बॉयलरवर ठेवली की दोन बाजूंना फटी राहतात. बॉयलरच्याच पाइपच्या तुकड्यावर २४० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि नळीचं बूड त्यावर घासा, घासत घासत ते बॉयलरच्या गोलाईवर घट्ट बसतं. सांध्याची उतरण भरायला एम-सीलची बारीक वळी. डोमसाठी १० मिमीचा पितळी मणी अर्धा कापून. लेथवाल्याकडून एकसंध डोम वळवून घेतला तर उत्तमच. संखेड्याच्या खराद्यांचा हात इतका बारीक कामाला बसतो की लाकडी नमुना त्यांच्याकडून करून घेण्यातही गंमत आहे.

रिव्हेट : डोकं खऱ्यात २० मिमी, तुमच्याकडे ०.४. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा उलटा ठेवून, वर आलेख-कागद चिकटवून, बोथट कंपासने दर १.५ ते २ मिमीवर टोचा. नको तिथे टोचू नका. बॉयलरवर लॅगिंगचा (उष्णता राखणाऱ्या आवरणाचा) गुळगुळीत पत्रा असतो, रिव्हेट स्मोकबॉक्सवर (धुराड्याखालच्या पुढच्या भागावर) आणि टाक्यांवर.

वजनाकडे दुर्लक्ष केलं तर चाकं घसरतात, कारण जुन्या बॉडीबरोबर तिच्यातला ओतीव वजनाचा तुकडाही गेलेला असतो. टाक्यांमध्ये शिशाचे बारीक गोळे भरा, पण पांढऱ्या लाकडाच्या डिंकाने नव्हे. शिसं आणि तो डिंक यांची काही वर्षांत रासायनिक क्रिया होऊन भर फुगते आणि टाकी शिवणीतून फुटते. तिथेही अरल्डाइट. मधल्या आसाखाली पेन्सिल आडवी ठेवून इंजिन तोला. पुढे-मागे सारखं झुललं की वजन जागेवर आहे.

प्रश्न : चाकांवरचे सगळे दांडे आणि वॉल्शार्ट्स गिअर काढून टाकले तर इंजिन जुनं दिसेल ना?
— वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : वॉल्शार्ट्स गिअर, म्हणजे वाफेचे व्हॉल्व्ह हलवणारी बाहेरची दांड्यांची जुळणी, काढा; चाकं एकमेकांना जोडणारा कपलिंग रॉड ठेवा. वॉल्शार्ट्सचा शोध १८४४ चा असला तरी ब्रिटिश बनावटीच्या त्या काळच्या इंजिनांत वाफेचं नियंत्रण बहुधा आत, स्टीफन्सनच्या जोडणीत असायचं, बाहेर फारसं काही दिसत नसे. पण कपलिंग रॉड नुसता शोभेचा नसतो. स्वस्त मॉडेलांत अनेकदा एकाच आसाला मोटारीशी जोडलेलं दातेरी चाक असतं आणि बाकीची चाकं या दांड्यांनीच फिरतात. काम करताना एखादं चाक आसावर सरकलं तर डाव्या-उजव्या क्रँकमधला ९० अंशांचा कोन बिघडतो, आणि इंजिन दर फेऱ्याला त्याच जागी अडखळतं. तेव्हा चाकांना हात लावायचाच नाही.

सिलिंडर मात्र बदला. सिलिंडरच्या वर गोल नळकांडं दिसलं की ते पिस्टन-व्हॉल्व्ह, म्हणजे पुढच्या काळाची खूण. सुपरहीट (जास्त तापवलेल्या) वाफेत सपाट स्लाइड-व्हॉल्व्हचे पृष्ठभाग ओरखडून जायचे, म्हणून गोल व्हॉल्व्ह रूढ झाले. १८८० च्या इंजिनाला चौकोनी पेटी हवी. १ मिमी स्टायरीनची करा. ब्रेकचे ठोकळेही प्लॅस्टिकचेच. धातूचा ठोकळा चाकाला लागला की शॉर्ट ठरलेला, विशेषतः चासीचे दोन अर्धे वेगवेगळ्या ध्रुवाचे असतील तर.

प्रश्न : होळकर स्टेट रेल्वेचं मीटरगेज इंजिन याच रुळांवर करता येईल का?
— वाचक, इंदूर

उत्तर : येईल, पण प्रमाण १:६० धरावं लागेल, आणि त्या मापाची माणसं, डबे सहसा तयार मिळत नाहीत. १२ मिमीचे रूळ घेतले तर एचओचंच १:८७ चालतं, कारण १००० मिमीचे ११.५ होतात. नमुना म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातलं, १८९५ मध्ये अजमेरला बांधलेलं एफ-७३४ पाहा. मीटरगेज ०-६-० ची ठेवण नीट कळते.

प्रश्न : रंग आणि दिवा?
— वाचक, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : आधी प्रायमर. गाड्यांच्या टच-अपचे स्प्रे स्टायरीनला खातात, म्हणून अगदी हलके, तुषारासारखे हात द्या. वडोद्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते. पाऊस उघडेपर्यंत थांबा. पितळी रंग डोमवर चमकीसारखा दिसतो, त्यापेक्षा खरं पितळ घासून मोकळं ठेवा. दिवा तेलाचा आहे हे विसरू नका. पिवळसर एलईडीला १२ व्होल्टवर १ किलोओहमचा रेझिस्टर लावला तर तो मोटारीच्या हेडलाइटसारखा झगझगतो, ४.७ किलोओहम लावा. इंजिन उलटं चालवताना एलईडीवर उलटा दाब येतो, म्हणून त्याला समांतर पण उलट्या दिशेने एक साधा १एन४१४८ डायोड जोडा.